गिट्टी कुठल्या भिंतीला?

मागच्या महिन्यात आमच्याकडे बारसं होतं, जेवणं उरकली, आणि सुपारी फिरत असताना विषय निघाला नोकरकपातीचा. निमित्त माझा मावसभाऊ. तो बंगळुरात एका अमेरिकन रिटेल कंपनीच्या ऑफिसात आहे, घरदुरुस्तीचं सामान विकणारी कंपनी, म्हणजे फरशा, नळ, लाकूड, रंग, स्क्रू, गवत कापायचं मशीन, सगळं एका गोदामाएवढ्या दुकानात. तिकडे परत रिस्ट्रक्चरिंग चाललंय एवढंच तो बोलला आणि बैठकीत लगेच दोन तट. आमचे एक काका, बँकेतून रिटायर झालेले, म्हणाले कंपनी म्हणजे काय धर्मशाळा आहे का, काम नसेल तर माणूस काढणारच. मामी म्हणाली अहो पण नफ्यात आहे ना कंपनी, मग लाज नाही वाटत का. आणि कोपऱ्यातून एक भाचा, अरे त्यांचं गेलं ते आपल्याला मिळालं, आपण कशाला रडायचं. अर्धा तास हेच चाललं. मला मात्र तिथे बसून वाटत होतं की तिघंही मालकाच्या मनाबद्दल भांडतायत, तो दुष्ट आहे का व्यवहारी आहे, आणि दुकानाबद्दल कोणीच बोलत नाहीये.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कपात चांगली की वाईट या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही, तो विचारून हाती काही लागत नाही. विचारायचं ते हे, की काढलं कुणाला, आणि ज्या चुकीमुळे काढायची वेळ आली ती चूक कुणाची होती. आणि घरदुरुस्तीच्या दुकानात तर पहिल्या प्रश्नाला जास्तच वजन आहे, कारण तिथे फळीवरच्या स्क्रूइतकाच शेजारी उभा असलेला जाणता माणूसही गिऱ्हाईक विकत घेत असतं. त्याला पगाराच्या रकान्यात टाकून कापला की हिशेबात बचत दिसते, पण खरं बघायला गेलं तर दुकानातला माल कमी झालेला असतो.

हे जरा पुस्तकी वाटेल म्हणून आमच्या नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याचं सांगतो. त्याच्याकडे जाऊन तुम्ही म्हणालात की काका चार गिट्ट्या द्या, म्हणजे स्क्रूसाठी भिंतीत ठोकायच्या त्या प्लास्टिकच्या, तर तो कधीच पटकन देत नाही. आधी विचारतो भिंत कसली, विटेची का सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या ब्लॉकची. मग काय टांगायचंय, फोटो का गीझर. मग ड्रिल आहे का, बिट किती सुताची. तीन प्रश्न झाल्यावर डब्यातून काढून देतो आणि पैसे घेतो दहा-वीस रुपये. आता सांगा, त्या दहा-वीस रुपयांत प्लास्टिकची किंमत किती आणि त्या तीन प्रश्नांची किती? वायसर बदलून नळ गळायचा थांबणार आहे का स्पिंडलच बदलावा लागणार हे त्याला तुमच्या बोलण्यावरून कळतं, आणि तेवढ्यासाठीच आपण मॉल ओलांडून त्याच्याकडे जातो.

अमेरिकेत या धंद्यातली होम डेपो नावाची जी सगळ्यात मोठी कंपनी आहे ती नेमकी याच गोष्टीवर उभी राहिली. बर्नी मार्कस आणि आर्थर ब्लँक हे दोघं, दोघांनाही १९७८ मध्ये हँडी डॅन नावाच्या अशाच एका साखळीतून काढून टाकलं होतं (म्हणजे कपातीतून चांगलंही निघतं असं म्हणणाऱ्यांना इथे एक मुद्दा फुकट), त्यांनी १९७९ मध्ये अटलांटात पहिली दुकानं उघडली. दुकानात नारिंगी एप्रन घातलेली माणसं ठेवली, त्यात हाताने काम केलेले प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार होते. गिऱ्हाईक यायचं एका नळासाठी आणि बाथरूमचं सगळं सामान घेऊन जायचं, कारण कोणीतरी उभं राहून समजावून सांगायचं की हे तुला स्वतःला जमेल. मग डिसेंबर २००० मध्ये बॉब नार्देली आले, जनरल इलेक्ट्रिकमधून, तिथलं मोठं पद हुकलं म्हणून इथे. त्यांनी शिस्त आणली, खरेदी एका हाती आणली, आकड्यांवर नजर, आणि दुकानात फुलटाइम जुन्या माणसांच्या जागी पार्टटाइम माणसं भराभर आणली.

आता इथे समोरच्याचा सगळ्यात जोरकस मुद्दा मान्य करायलाच हवा, कारण आकडे त्यांच्या बाजूचे आहेत. नार्देलींच्या काळात विक्री ४५ अब्ज डॉलरवरून २००५ पर्यंत ८१ अब्जांवर गेली, नफा दुपटीहून जास्त झाला. मग चूक काय झाली? काय झालं ते गिऱ्हाइकांनी सांगितलं. २००५ सालच्या अमेरिकन ग्राहक समाधान निर्देशांकात होम डेपोला ६७ गुण पडले, मोठ्या दुकानांत शेवटचा नंबर, आणि प्रतिस्पर्धी लोजपेक्षा ११ गुण कमी. शेअर सहा वर्षं जागेवर बसून राहिला, तेवढ्याच काळात लोजचा मात्र चढत गेला. कारण विक्री वाढत होती ती बरीचशी नवी दुकानं उघडून, आणि नफा वाढत होता तो आधीच्या वीस वर्षांत कमावलेल्या नावावर. बियाणं दळून भाकऱ्या केल्या की त्या वर्षी पोट भरतंच की, उलट नेहमीपेक्षा दोन भाकऱ्या जास्तच मिळतात, प्रश्न पुढच्या मृगाला येतो. जानेवारी २००७ मध्ये नार्देली गेले आणि जाताना मिळालेलं पॅकेज होतं साधारण २१ कोटी डॉलरचं. पार्टटाइमवर आणलेल्या त्या प्लंबरला काय मिळालं ते विचारू नका.

त्याच वर्षी मार्चमध्ये सर्किट सिटीने याच्याही पुढची मजल मारली. ते दुकान टीव्ही-कॉम्प्युटरचं, घरदुरुस्तीचं नाही, पण धंदा तसाच, समजावून विकायचा. त्यांनी ३,४०० सेल्समन काढले, आणि निवडले कसे, तर ज्यांचा पगार बाजारभावापेक्षा बराच जास्त ते! म्हणजे ज्यांना विकता येत होतं तेच. वर सांगितलं की दहा आठवड्यांनी परत अर्ज करा, कमी पगारावर घेऊ. नोव्हेंबर २००८ मध्ये कंपनीने दिवाळं काढलं आणि २००९ च्या मार्चपर्यंत सगळी दुकानं बंद, सुमारे ३४ हजार माणसं घरी. मंदी होती, बेस्ट बायची स्पर्धा होती, ऑनलाइनचं वारं होतं, ते सगळं खरं, नुसत्या कपातीने कंपनी बुडाली असं म्हणणं म्हणजे मामीच्या बाजूने खोटं बोलणं होईल. पण वादळ येणार हे दिसत असताना होडीतले पट्टीचे नावाडीच आधी उतरवले, त्याला काय म्हणायचं?

मग काका म्हणतात तसं, कंपनीने कधी कुणाला काढूच नये का? नाही, असं मी अजिबात म्हणत नाही. नार्देलींनंतर आलेले फ्रँक ब्लेक, ज्यांनी परत कारागीर माणसं दुकानात आणायला सुरुवात केली आणि जुन्या संस्थापकांना फोन करून सल्ला विचारला, त्याच ब्लेकनी जानेवारी २००९ मध्ये ७ हजार माणसं कमी केली. त्यातली बहुतेक एक्स्पो नावाच्या महागड्या डिझाइन दुकानांतली, घरांचा बाजार कोसळल्यावर ज्या दुकानांत कुणी फिरकेना, आणि उरलेली मुख्यतः ऑफिसातली. वाईट झालंच, ७ हजार घरांत त्या महिन्यात काय झालं असेल ते कुठल्या तक्त्यात येत नाही. पण जो प्रयोग फसला तो बंद केला, नारिंगी एप्रनवाल्याला हात लावला नाही. हा फरक बातमीत दिसत नाही, बातमीत नुसता आकडा असतो, ७ हजार. आणि आपण आकड्यावर भांडतो.

लोजची गोष्ट याहून अवघड आहे आणि मुद्दाम घेतोय कारण ती माझ्या बाजूला सरळ बसत नाही. नॉर्थ कॅरोलायनातली ही कंपनी. एके काळी हिचा लौकिक वेगळाच होता, १९५७ पासून नफ्यातला वाटा नोकरांच्या ट्रस्टमध्ये, आणि १९६१ मध्ये त्या ट्रस्टने वारलेल्या मालकाचे शेअरच घेऊन टाकले, पुढे गोदामात माल उचलणारी साधी माणसं रिटायर होताना काही लाख डॉलर घेऊन गेली. त्याच कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये सुमारे २,४०० फुलटाइम नोकऱ्या कमी केल्या, महिनाभरात ऑफिसातल्या आणखी पाचशेच्या वर, आणि जूनमध्ये आयटीतले सुमारे १२५, ज्यांचं काम बंगळुरात आलं. जुलै २०१८ ला मार्विन एलिसन सीईओ झाले, त्यांनी ऑर्चर्ड सप्लाय नावाची हार्डवेअर दुकानांची साखळी बंद केली, अमेरिका-कॅनडातली ५१ दुकानं बंद केली, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये हजारो लोकांची कामं बाहेरच्या कंत्राटदारांना दिली, शेगड्या आणि हातगाड्या जोडून ठेवणारे, साफसफाई आणि देखभाल करणारे. नेमके किती तो आकडा कंपनीने दिलाच नाही.

आणि तरी एलिसन यशस्वी झाले. हे लपवण्यात अर्थ नाही. कंपनी सुधारली, शेअर दुपटीहून जास्त चढला. ते स्वतः टार्गेट नावाच्या दुकानसाखळीत तासाला ४.३५ डॉलरवर पार्टटाइम सिक्युरिटी गार्ड म्हणून सुरुवात केलेले, त्यांना खालच्या माणसाचं काही कळत नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. कपातीमागचं कारण त्यांनी दिलं तेही ऐकण्यासारखं होतं, की दुकानातल्या माणसांचा वेळ मागच्या खोलीत शेगड्या जोडण्यात जाऊ नये, गिऱ्हाइकासमोर जावा. मला हे पटतं. पण मग तीच जोडणी करणारी माणसं, ज्यांना कुठली शेगडी कुठे अडते हे हाताने माहीत होतं, त्यांनाच गिऱ्हाइकासमोर का नाही उभं केलं? कंपनीने त्यांना सांगितलं की दुसऱ्या रिकाम्या जागांसाठी अर्ज करू शकता. अर्ज! बारा वर्षं त्याच दुकानात काम केलेल्या माणसाने त्याच दुकानात अर्ज करायचा. शिवाय डिसेंबर २०१८ मध्ये, म्हणजे या सगळ्याच्या आठ महिने आधी, कंपनीने १० अब्ज डॉलरचे स्वतःचेच शेअर परत विकत घ्यायला मंजुरी दिली होती. माणसं बदली करायला, शिकवायला पैसे नव्हते असं मग कोणत्या तोंडाने म्हणायचं? आणि यशाचं सगळं माप कपातीच्या पदरात घालायचं असेल तर कोविड विसरून चालणार नाही. २०१९ च्या आर्थिक वर्षातली ७२ अब्जांची विक्री २०२० मध्ये जवळपास ९० अब्जांवर गेली, कारण अख्खी अमेरिका घरात बसून भिंती रंगवत होती. त्या वर्षी हार्डवेअरचं दुकान तोट्यात चालवायला खास कौशल्य लागलं असतं.

आता दुसरा प्रश्न, चूक कुणाची. याचं माझ्या मते सगळ्यात स्वच्छ उदाहरण इंग्लंडमधलं आहे. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वेसफार्मर्सने, म्हणजे तिकडच्या प्रचंड लाडक्या बनिंग्ज दुकानांच्या मालकाने, ब्रिटनमधली होमबेस साखळी ३४ कोटी पौंडांना घेतली. घेतल्या घेतल्या होमबेसची वरची मॅनेजर मंडळी काढली, ज्यांना तिथलं गिऱ्हाईक माहीत होतं ती. मग किचन, बाथरूम, पडदे-उशा, जे खपत होतं ते काढून ऑस्ट्रेलियाचा साचा बसवला, बार्बेक्यूसकट, इंग्लंडच्या पावसात! दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, ती साखळी विकली एका पौंडाला. चहाही येत नाही तेवढ्यात. नव्या मालकाने त्याच वर्षी ४२ दुकानं बंद करायचं ठरवलं, त्यात सुमारे दीड हजार नोकऱ्या, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उरलेली साखळी पण दिवाळखोरीत गेली. यातला कुठला निर्णय रंगाच्या काउंटरवरच्या बाईने घेतला होता? पण रिस्ट्रक्चरिंग नावाच्या कागदावर नाव तिचं होतं.

हे वाचून तुम्हाला गिरणगाव आठवलं नाही तर नवल. १८ जानेवारी १९८२, दत्ता सामंतांचा संप, अडीच लाख कामगार. चाळीस वर्षं आपण ऐकतोय की संपाने गिरण्या बुडवल्या. संप चुकला, लांबला, नेतृत्वाला परतीची वाट दिसली नाही, हे मी मानतो, माझ्या घरातच दोन मतं आहेत. पण त्याआधीची कित्येक वर्षं माग बदलले नाहीत, नफा गिरणीत परत घातला नाही, दुसरीकडे नेला, तो निर्णय काही साच्यावर उभ्या असलेल्या माणसाचा नव्हता. आणि पुढे त्या जमिनीवर काय उभं राहिलं ते लोअर परळला उतरलं की दिसतं. चूक एका मजल्यावर होते, बिल दुसऱ्या मजल्यावर जातं, आणि मधल्या जिन्याला आपण कधी संप म्हणतो, कधी बाजार, कधी रिस्ट्रक्चरिंग.

काकांना मी त्यांच्याच बँकेची आठवण करून दिली तेव्हा ते जरा गप्प झाले. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली, सुमारे एक लाख लोक बाहेर पडले. कुणावर जबरदस्ती नव्हती, पैसे चांगले मिळाले, कितीतरी जणांचे फ्लॅट त्यातून झाले, तेव्हा ही योजना वाईट होती असं मी म्हणत नाही. पण गेले कोण? ज्यांना बाहेर काहीतरी जमणार होतं ते. काकाच सांगतात, त्यांच्या शाखेत कर्जाचा कागद बघून हा माणूस फेडेल का नाही हे सांगणारे दोघे त्या एका महिन्यात गेले आणि पुढची दोन वर्षं शाखा चाचपडत होती. मग काका, म्हटलं, धर्मशाळा नव्हती ना ती, मग चाचपडली का?

भाच्याचा मुद्दा राहिला, त्यांचं गेलं ते आपलं झालं. यात खोटं काही नाही आणि मी त्यावर नाक मुरडायला मोकळा नाही, कारण त्याच बारशाचा खर्च ज्या पगारातून झाला तो पगार असाच इकडे आलेला आहे. मूर्सव्हिलमधला, म्हणजे तिकडच्या लोजच्या मुख्य ऑफिसातला माणूस जे करत होता ते बंगळुरातला पोरगा तितकंच चांगलं करू शकतो, मग जगात काम कुठेही जावं, त्यात पाप नाही. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, ज्या तर्काने ते इथे आलं त्याच तर्काने ते उद्या इथूनही उठेल, त्या दिवशी बंगळुरातल्या पोराला धर्मशाळेचा दाखला ऐकायला आवडणार नाही. दुसरी, टेबलावरचं काम हलतं, पण दुकानातल्या गल्लीत उभ्या माणसाचं काम कुठे हलत नाही. नळाच्या फळीसमोरचा माणूस काढला की ते काम बंगळुरात येत नाही, ते गिऱ्हाइकाच्या डोक्यावर येतं, आता तूच शोध, तूच मोज, चुकलं तर तूच परत आण.

कायद्याचं थोडक्यात, कारण इथे आपल्याला उगाच वाटतं आपण फार सुरक्षित आहोत. तीनशे माणसांवर परवानगी लागते वगैरे जे ऐकतो ते कारखाने, खाणी, मळे यांना आहे, दुकानाला नाही. दुकानातल्या कामगाराला महिन्याची नोटीस, दर वर्षाच्या नोकरीला पंधरा दिवसांचा पगार, आणि एक जुना शहाणा नियम, शेवटी आलेला आधी जाणार. सर्किट सिटीने जे केलं त्याच्या बरोबर उलटा. मॅनेजर झालात की यातलं बहुतेक गेलं. अमेरिकेत मोठ्या कपातीला साठ दिवसांची नोटीस लागते, १९८८ चा कायदा आहे, पण माणसं मोजायची ती एका ठिकाणची. २,४०० माणसं सतराशेच्या वर दुकानांत विभागली की दुकानामागे पडतात एक किंवा दोन. अशा दोघांसाठी कायदा जागा होत नाही.

सगळ्यात शेवटी भावाने जो मुद्दा काढला तो मला खरा अवघड वाटला. तो म्हणाला दादा, तू म्हणतोस ते ज्ञान आता ॲपमध्ये येतंय, मग माणूस जुना असला काय नवा असला काय. खरंय, लोजने २०२५ मध्ये दुकानातल्या कर्मचाऱ्यांच्या हातात एआय मदतनीस दिला, नवखा पोरगा पण फोनवर बघून उत्तर देऊ शकतो. मी हे वाईट म्हणत नाही, नवख्याला आधार मिळाला तर चांगलंच. पण उत्तर मिळायला आधी प्रश्न नीट पडावा लागतो, आणि गिऱ्हाइकाला तोच पडत नाही, त्याला फक्त चार गिट्ट्या हव्या असतात. त्याला हे माहीतच नसतं की भिंतीवर काही अवलंबून आहे. भिंत कसली हे आपणहून विचारणारा माणूस तयार व्हायला वीस वर्षं लागतात, तेवढ्या वेळात पन्नास गीझर पडलेले त्याने पाहिलेले असतात. ती माणसंच काढली तर ॲपला पुढचं शिकवणार कोण?

भाऊ हसला, मग दोन दिवसांनी बंगळुराहून त्याचा फोन. दादा, तुझा तो हार्डवेअरवाला गिट्टी द्यायच्या आधी नक्की काय काय विचारतो रे, जरा लिहून पाठव ना. मी म्हटलं मला तीनच प्रश्न माहीत आहेत, बाकीचे त्याला समोर माणूस बघून सुचतात. तू पुढच्या वेळी आलास की स्वतःच जा, पण सातच्या आत जा, नंतर शटर ओढतो.